मयत इसमास हसण्याची विनंती

दृश्य १. आतील. आमची बैठकीची खोली. सकाळ.

“सर, खुनी कोण?”

“सापडला नाही.”

“हां, पुस्तकात सापडत नाही, ते छानच आहे. पण आपल्या आपल्यात म्हणून विचारतो.”

“आपल्या आपल्यातही सापडलेला नाही.”

डोक्यावरची टोपी घरातही न काढणाऱ्या त्या तरुण दिग्दर्शकाने सोफ्यावर मागे रेलून छताकडे पाहिलं. आमच्या छताला वरच्या मजल्यावरच्या, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या न्हाणीघरातून उतरलेली ओल आहे. ती दिसली की पाहुणे सहसा नजर खाली घेतात. हा मात्र खूश झाला. “ही ओल खरी आहे?” म्हणाला. “काय सुंदर पसरलीये.” आमच्या घरातल्या एखाद्या गोष्टीला कोणी सुंदर म्हणण्याचा तो बऱ्याच वर्षांतला पहिला प्रसंग, आणि त्याचं श्रेय गेलं सेक्रेटरींना.

पटकथा कशी लिहितात ते मला त्याने त्याच बैठकीत शिकवलं. आधी आतील की बाहेरील, मग जागा, मग वेळ. आणि मुख्य म्हणजे माणसाच्या मनात काय चाललंय ते लिहायचं नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. मी विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात नोकरी केलेला माणूस. मनात काय चाललंय ते न लिहिण्याचाच मला पगार मिळत होता. म्हणून ही हकीकतही त्याच पद्धतीने लिहितो आहे. जमेल तिथपर्यंत.

तर, दिसतं ते असं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, चष्म्याचं दुकान होतं. भर दुपारी, दुकानातच, त्याचा कोणीतरी खून केला. काही चोरीला गेलं नाही. कोणी काही पाहिलं नाही. काही वर्षांनी पोलिसांनी फाइल बंद केली. मग मी पंचनामा, जबाब, नकाशे असं सगळं जमवून पुस्तक लिहिलं. पुस्तक चांगलं गेलं. म्हणजे घरातून गेलं. जो जो आमच्याकडे चहाला आला त्याच्या हातात मी एक एक प्रत देत गेलो.

टोपीला (त्याला सगळे टोपीच म्हणायचे, तोसुद्धा) ते फुटपाथवरच्या रद्दीत मिळालं. त्याने प्रत दाखवली. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात ‘सप्रेम भेट’ आणि खाली सेक्रेटरींचा फ्लॅट नंबर.

सेक्रेटरींना जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाले, “रंगकाम काढलं होतं हो. पण बघा, मी ते रद्दीत घातलं नसतं तर तुमचा सिनेमा झाला असता का?” आणि स्वतःच हसले. सेक्रेटरी भेटेल त्याला एक विनोद सांगतात आणि आपला आपण हसून मोकळे होतात. इमारतीचा मेंटेनन्स तेवढाच नियमित आहे.

(मनात काय आलं ते लिहीत नाही.)


दृश्य २. आतील. वहिनींचं स्वयंपाकघर. सकाळ, जरा उशिरा.

वहिनी जिन्यापलीकडे, समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. सिनेमाची बातमी घेऊन मी गेलो तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या पुस्तकात ते पहिल्याच पानावर मरतात.”

“वहिनी, त्या प्रकारचं पुस्तक असंच सुरू होतं.”

“आणि मग शेवटच्या पानापर्यंत पालथेच पडलेले असतात. मयत इसमाच्या अंगात निळा शर्ट. मयत इसमाच्या डाव्या हाताशी स्टूल. माझं लग्न काय मयत इसमाशी झालं होतं?”

दाव्यांच्या विभागात मयत इसमाला मयत इसमच म्हणतात, त्यात अनादर नसतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. वहिनींनी एक देठ मोडला.

“सिनेमा करा. माझी काही हरकत नाही. एकच अट आहे. त्यात त्यांना एकदा हसताना दाखवा.”

“एवढंच?”

“नीट दाखवा पण. हसू येतंय असं वाटलं की ते आधी चष्मा काढायचे. घडी घालायचे. बाजूला ठेवायचे. आणि मग हसायचे. आवाज नाही, नुसते खांदे. डोळ्यांत पाणी यायचं आणि काच खराब व्हायची, ते त्यांना खपायचं नाही.”

हे मला माहीत होतं. सख्ख्या भावाला माहीत असणारच. लहानपणी आम्ही एका ताटात जेवायचो तेव्हापासून माहीत होतं. पण ते पुस्तकात घालायचं सुचलं नव्हतं. दाव्याच्या कागदात मयताच्या सवयी लिहीत नाहीत, व्यसनं सोडून.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “गंमतच आहे. जाऊबाई स्वतः तर कधी हसत नाहीत.”

ते खरं होतं. दादा गेल्यापासून वहिनी कोणाच्याही विनोदाला हसलेल्या नाहीत. रडतात असंही नाही. कार्याला येतात, वाढतात, विचारपूस करतात. पण समोरचा माणूस विनोद सांगू लागला की त्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात, जणू त्याचं तोंड पाठ करताहेत. सेक्रेटरीसुद्धा वहिनी दिसल्या की विनोद अर्धा टाकून पाणीपुरवठ्यावर येतात.


दृश्य ३. आतील. परवानग्यांचं कार्यालय. दुपार.

खिडकीमागचे साहेब सज्जन होते. मी हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल गैरसमज व्हायची शक्यता आहे.

“सिनेमात दाखवलेल्या प्रत्येक खऱ्या व्यक्तीचं संमतिपत्र लागेल,” ते म्हणाले.

“आणली आहेत. माझं, वहिनींचं, दुकानशेजारच्या शिंप्याचं.”

“आणि मुख्य भूमिका कोणाची?”

“माझ्या भावाची.”

“त्यांचं संमतिपत्र?”

“ते वारले. खून झाला. त्यावरच सिनेमा आहे.”

“तसा दाखला जोडा. आणि वारसांनी त्यांच्यातर्फे लिहून द्यायचं, की सदर व्यक्तीची हरकत नाही.”

“कशाला?”

“स्वतःचा खून दाखवायला.”

मी तिथेच बाकावर बसून लिहून दिलं की मयत इसमाची स्वतःचा खून दाखवण्यास हरकत नाही. अशी वाक्यं लिहायला मला विचार करावा लागत नाही. साहेबांनी ते वाचून मान डोलावली. “स्वच्छ लिहिलंय. आता खुन्याचं द्या.”

“खुनी सापडलेला नाही.”

“म्हणजे तो हयात असू शकतो.”

“असू शकतो.”

“मग तर अवघडच आहे हो. मेलेल्याचं काही नसतं. पण हा उद्या सिनेमा बघून उभा राहिला, म्हणाला माझी बदनामी झाली, तर? कागद माझ्या टेबलावरून गेलेला असणार.” त्यांनी खरोखर काळजीने चष्मा पुसला. “असं करा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हरकत असेल तर अमुक मुदतीत कळवा. कोणी आलं नाही की मी सही करतो.”

दुसऱ्या आठवड्यात सातव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि नाव बदललेल्या माणसांच्या मध्ये, चौकटीत आलं: अमुक ठिकाणी चष्म्याच्या दुकानदाराचा खून करणाऱ्या अज्ञात इसमास कळविण्यात येते की त्याच्या सदर कृत्यावर चित्रपट काढण्याचे योजिले असून, त्याची काही हरकत असल्यास त्याने खालील पत्त्यावर लेखी कळवावे.

पत्ता माझा होता.

टोपी खूप हसला. सेक्रेटरी हसले. माझी बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून आत गेली. मीही हसलो असतो, पण दाराबाहेर वहिनी तो पेपर हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “हरकतीची पत्रं आली की मला दाखवाल?”

मुदतभर रोज पोस्टमन येऊन गेला की समोरचं दार किलकिलं व्हायचं. मी लांबूनच मान हलवायचो. दार लागायचं.

हरकती आल्या, तीन. तिन्ही आमच्याच इमारतीतून. तळमजल्यावरच्या निवृत्त तपासनिसांचं म्हणणं, सिनेमातला खुनी लंगडत असेल तर त्यांची हरकत आहे, कारण ते लंगडतात. दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिकांची हरकत अशी की त्यांना भूमिकेसाठी विचारलेलं नाही. तिसरी सेक्रेटरींची होती: न्हाणीघराच्या गळतीचा उल्लेख आल्यास सोसायटी कायदेशीर सल्ला घेईल. अज्ञात इसमाकडून काही आलं नाही. साहेबांनी सही केली.


दृश्य ४, ४ अ, ४ ब आणि पुढचे. आतील. निर्मात्यांच्या टाइल्सच्या शोरूमची वरची खोली.

पहिल्या खर्ड्यात दादा तिसऱ्या पानावर हसत होता. चष्मा काढत होता, घडी घालत होता, सगळं होतं. ते पान मी वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

दुसऱ्या खर्ड्यात दादा वीस वर्षांनी लहान झाला आणि त्याला मोटारसायकल मिळाली. “सर, त्यांना काही छंद नव्हता?” टोपीने विचारलं होतं. “चष्मे पुसायचा,” मी म्हणालो. “तो धंदा झाला. छंद?” मी खूप आठवलं. रिकामा असला की चष्मे पुसायचा. म्हणून मोटारसायकल.

तिसऱ्या खर्ड्यात खुनी सापडला. तो मी निघालो.

“पर्सनली घेऊ नका, काका,” टोपी म्हणाला. सरचा काका कधी झाला ते माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या खर्ड्याच्या सुमारास असावं. “पण बघा ना, धाकटा भाऊ. कायम मागे राहिलेला. दुकान कोणाला मिळालं?”

“कोणालाच नाही. भाड्याचं होतं.”

“सिनेमात स्वतःचं करू.”

मी बायकोला सांगितलं की सिनेमात मी खुनी आहे. ती म्हणाली, “तुम्ही? तुम्हाला साधं झुरळ मारता येत नाही.” बायकोला आपण खुनी वाटत नाही याचं खरं म्हणजे समाधान वाटायला हवं. ती ज्या सुरात म्हणाली, त्यामुळे वाटलं नाही.

निर्माते टाइल्सचे व्यापारी. बोलायचे कमी. प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न विचारायचे: “खून बाथरूममध्ये झाला तर?” चष्म्याच्या दुकानाला बाथरूम नव्हतं, हे मी प्रत्येक बैठकीत सांगायचो. “दाखवू,” ते म्हणायचे.

चौथ्या खर्ड्यात खुनी वहिनी होत्या. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. टेबल नमुन्याच्या टाइलचं होतं. हात आठवडाभर सुजला होता. पण वहिनी सुटल्या, आणि पाचव्या खर्ड्यात खुनी म्हणून चष्म्याच्या काचांमधून हिरे नेणारी एक टोळी आली. टोळीला कोणीच हरकत घेतली नाही.

मग हिरो आला. दादाची भूमिका त्याचीच होती. त्याने पाचवा खर्डा वाचला आणि विचारलं, “मी मध्यंतराआधीच मरतो?” सहाव्या खर्ड्यात हिरो पोलीस निरीक्षक झाला, आणि दादा, इतके दिवस ज्याला मोटारसायकल वगैरे होती तो दादा, पहिल्याच दृश्यात पालथा पडलेला सापडला.

“आणि हसण्याचं?” मी विचारलं.

“काका, दादांचं कॅरॅक्टर आता बॉडी आहे. बॉडी हसणार कशी?”

म्हणजे इतक्या लोकांनी इतके महिने खपून शेवटी माझंच पहिलं पान लिहिलं होतं. (मनात काय आलं ते लिहायचं नाही हा नियम ज्याने केला त्याला भाऊ नसावा.)


मध्यंतर.

हे दृश्य काढून टाकायला हवं, कारण यात काहीच घडत नाही. जिना. वहिनी खालून पिशवी घेऊन येतात. मी वरून उतरतो.

“भाऊजी, हसायचं कधी आहे?”

“आहे. पुढे आहे.”

“त्या दिवशी मला न्याल?”

“नेईन ना.”

मी उतरून खाली जातो. खाली काही काम नसतं. पुन्हा वर येतो.

असं किती वेळा झालं ते सांगत नाही. दाव्यांच्या विभागात आम्ही लोकांना ‘तुमचा कागद पुढे गेलाय’ असं सांगायचो. कागद कुठेही गेलेला नसायचा. पण ऐकणारा माणूस उठून घरी जायचा, निदान तेवढ्यापुरता.


दृश्य ७. आतील. टाइल्सचं गोदाम, त्यात उभारलेलं चष्म्याचं दुकान. दुपार.

चित्रीकरणाच्या दिवशी मी एकटाच जाणार होतो. खाली रिक्षात बसलो तर वहिनी आधीच आत बसलेल्या. ठेवणीतली साडी, मांडीवर डबा. “आज आहे ना?” म्हणाल्या. बायकोने सांगितलं असणार. मी हो म्हणालो. वाटेत सांगू असं ठरवलं. वाट संपली.

गोदामात शिरताच वहिनी थांबल्या. मीही थांबलो. त्या लोकांनी दुकान उभं केलं होतं. काचेचं काउंटर, मागे चष्म्यांची मांडणी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खाली बारीक होत गेलेला. भिंतींना गुळगुळीत हिरव्या टाइल्स होत्या, तेवढं सोडलं तर सगळं तेच. भिंतीवर दादाचा खरा फोटो, मीच दिलेला. वहिनींनी काउंटरवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. धूळ होती. त्यांनी पदराने पुसली.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. बॉडीचं काम करायला आणलेल्या माणसाला टक्कल होतं, आणि फोटोतल्या दादाला भरपूर केस. टोपीने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

“अंकल,” तो म्हणाला.

काकाचा अंकल झाला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मला निळा शर्ट घातला. माझा चष्मा काढून घेतला. मेकअपवाले आजोबा, या धंद्यात केस पांढरे केलेले, त्यांनी माझ्या मानेमागे लाल रंग लावला आणि म्हणाले, “थंड लागेल.” थंड लागलं. मग मला टाइल्सवर पालथं झोपवलं, डावा हात स्टुलाशी. कोणीतरी ओरडलं, “बॉडी जरा डावीकडे.” सर, काका, अंकल, बॉडी. यापुढे पायरी नव्हती.

चष्म्याशिवाय मला लांबचं धूसर दिसतं. कोणीतरी एक तडा गेलेला चष्मा माझ्या नाकावर तिरका अडकवायला वाकलं.

“तोंडावर नव्हता तो,” वहिनींचा आवाज आला.

“मॅडम?”

“चष्मा तोंडावर नव्हता. घडी घालून काउंटरवर होता.”

टोपी म्हणाला, “असेल हो. पण झटापटीत तोंडावर तुटलेला बरा दिसतो.”

“झटापट झालीच नाही,” वहिनी म्हणाल्या. “हसले होते ते.”

गोदामात दिव्यांचा बारीक गुणगुण आवाज असतो, तो पहिल्यांदा ऐकू आला. वहिनींची धूसर आकृती माझ्या अंगावरून पलीकडे गेली. त्यांनी तो तडा गेलेला चष्मा मागून घेतला, घडी घातली. काउंटरवर ठेवला. काचा वर, दांड्या खाली, दादा ठेवायचा तसा.

माझ्या पुस्तकात, पंचनाम्यातल्या वस्तूंत ते आहे. ‘काउंटरवर घडी घातलेला चष्मा, नग एक.’ मीच उतरवून घेतलं होतं.

“मॅडम, पोलिसांना सांगितलं नव्हतं हे?” टोपीने टोपी काढली होती, असं मला वाटतं, दिसत नव्हतं.

“सांगितलं ना. हवालदार म्हणाला, बाई, चष्म्याच्या दुकानात चष्मा सापडणारच.” त्यांचे पाय काउंटरकडे वळले. “ओळखीचं कोणीतरी आलं होतं. त्याने काहीतरी सांगितलं, म्हणून यांनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर यांना कोण काय करतंय ते दिसायचं नाही.”

पालथं पडून मी माणसांचे पाय बघत होतो. ओळखीचं कोणीतरी. दादाला हसवणारं. आमच्या इमारतीत, आमच्या नात्यात, दुकानाच्या रांगेत विनोद सांगणारी सगळी तोंडं मला आठवत गेली. वहिनी इतकी वर्षं हेच करत होत्या. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

“मला कोण ते नाही बघायचं आता,” त्या म्हणाल्या. “ते शेवटी हसले होते, एवढं कोणीतरी दाखवा. म्हणून आले. भाऊजी म्हणाले आज आहे.”

बॉडीने बोलायचं नसतं. एवढी एकच सोय होती.

शॉट झाला. हिरो आला, माझ्या नाडीवर हात ठेवला, म्हणाला, “बारा तास झालेत,” आणि गेला. मी उठायला लागलो तसा मेकअपवाल्या आजोबांनी खांदा धरला.

“हसा.”

“का?”

“मेलेल्याचं काम केलं की उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं. मगच रंग पुसायचा. नाहीतर घात होतो. मी कोणाला असं सोडलेलं नाही.”

टोपीने सांगितलं, खरंच आहे, रीत आहे, कॅमेरा चालू ठेवलाय, दोन सेकंद हसा आणि सुटा. सिनेमात नाही येत ते, फेकूनच देतात.

मला हसता येईना. तोंड ताणलं. आजोबा म्हणाले, हे हसणं नाही, हे दात दाखवणं झालं. दिवेवाल्याने एक विनोद सांगितला. हिरोने त्याच्या गाजलेल्या चालीत चालून दाखवलं. टाइल्सवाले निर्माते पहिल्यांदा काहीतरी वेगळं बोलले, म्हणाले, “गुदगुल्या केल्या तर?” सगळे माझ्याभोवती उभे, पुढचा शॉट अडलेला, आणि मी दादाचा शर्ट घालून, मानेवर लाल रंग, जमिनीवर बसलेला. ज्याच्यामुळे सगळं काम थांबलंय असा मयत इसम माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नव्हता.

मग मागून वहिनींचा आवाज आला. अगदी सरळ, माझ्या पुस्तकातल्या आवाजात.

“मयत इसमास वारंवार विनंती करूनही त्याने हसण्यास नकार दिल्याचे दिसून आले. मयत इसमाच्या अंगात निळा शर्ट. मयत इसमाच्या मांडीला मुंग्या आल्या असाव्यात. शेजारच्यांकडे चौकशी करता, मयत इसम लहानपणापासूनच असा, असे समजते.”

माझा हात वर गेला. का गेला ते मला कळलं नाही. नाकापाशी गेला, दोन बोटांनी कानाजवळ काहीतरी धरलं, ओढलं. तिथे काहीच नव्हतं. चष्मा काउंटरवर होता, घडी घालून. बोटं हवेतच मिटली, आणि मग मला हसू आलं. आवाज नाही. खांदे हलत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, आधीच धूसर होतं ते आणखी धूसर झालं.

आजोबा म्हणाले, “हां. झालं.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या साडीच्या रंगाचा ठिपका खाली गेला. त्या खुर्चीवर बसल्या होत्या की नुसत्याच खाली बसल्या होत्या, ते दिसलं नाही. हसत होत्या की काय, तेही नाही. जे दिसलं नाही ते लिहीत नाही.


दृश्य ८. आतील. चित्रपटगृह. पहिला खेळ.

आमची अख्खी इमारत आली होती, म्हणजे चित्रपटगृहात बहुतेक आमचीच इमारत होती. दादा पडद्यावर पाच-सहा सेकंद आहे. त्यातही मुख्यतः माझा तळपाय दिसतो. हिरो काउंटरवरचा घडी घातलेला चष्मा उचलतो, उजेडात धरतो आणि म्हणतो, “खुनी चाळिशीच्या पुढचा आहे.” पुढे बाथरूममध्ये मोठी मारामारी होते. ‘मूळ पुस्तक’ म्हणून नाव येतं तोपर्यंत लोक चपला शोधत होते.

सेक्रेटरी बाहेर म्हणाले, “पाय छान आलाय हो तुमचा. पुढच्या वेळी वर सरका थोडे.” आणि हसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जरा जास्तच वेळ बघितलं असावं. ते पार्किंगबद्दल बोलायला लागले.

वहिनी आल्या नव्हत्या. म्हणाल्या होत्या, माझं बघून झालंय.

तो फेकून द्यायचा तुकडा टोपीने फेकला नाही. माझ्या फोनवर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘सर.’


दृश्य १. आतील. वहिनींचं स्वयंपाकघर. सकाळ.

फोन भाजीच्या ताटाला टेकवून ठेवला आहे. वहिनी तो तुकडा बघतात. संपला की पुन्हा लावतात. फोनचा आवाज त्यांनी बंद केलेला आहे. तसाही त्या हसण्याला आवाज नव्हता.

पुस्तकाची नवी आवृत्ती कोणी मागितलेली नाही. तरी मी पहिलं पान पुन्हा लिहिलं आहे. ते घेऊन गेलो. त्यांनी हात पुसले.

“वाचा.”

मी वाचलं. चष्म्याचं दुकान. दुपार. दादा काउंटरमागे काचा पुसतो आहे. दार उघडतं. कोण आलं ते दिसत नाही, फक्त दादाचा चेहरा दिसतो. तो ओळखीच्या माणसाला बघून होतो तसा होतो. आलेला माणूस काहीतरी सांगायला लागतो. दादा फडकं खाली ठेवतो. ऐकतो. चष्मा काढतो. घडी घालतो. काउंटरवर ठेवतो. खांदे हलायला लागतात.

“पुढे?” वहिनींनी विचारलं.

“पुढे पंचनामा आहे.”

त्यांनी ताट पुढे ओढलं, एक जुडी सोडली.

“मग इथेच थांबा,” त्या म्हणाल्या.

थांबलो.